मुलाबाळांसह युरोप

पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांत परदेशी मुलांची रडारड ऐकायची नसेल, तर नकाशाआधी त्यांची वये मांडा. समजा, ती ४, १० नि १५ वर्षांची आहेत. शेंगेन व्हिशावर २९ देश उघडतात. म्हणून काय सगळे पालथे घालायचे? छे! पॅरिस आणि लुसर्न, दोनच मुक्काम करा. जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. पासपोर्ट प्रत्येक मुलाचा वेगळा.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अठराच्या आतल्यांना तिकीट पडत नाही. मंगळवारी मात्र दार बंद. थोरल्याला तिथे दिवस पुरायचा नाही, धाकटी तासाभरात कंटाळणार. तेव्हा एकाने थोरल्याजवळ थांबावे, दुसऱ्याने धाकट्यांना शेजारच्या त्विलरी बागेत न्यावे. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो. पडदे ओढल्यावाचून चार वर्षांचे पोर झोपेल, ही आशाच सोडा!

लुसर्नला मात्र तिघांचे एकमत होईल. जवळच्या पिलाटस डोंगरावर १८८९ पासून दातेरी रुळांची गाडी चढते. चढ शंभराला अठ्ठेचाळीस. हिवाळ्यात ती बंद असते. आणि हो, स्विस प्रवासपास घेताना फॅमिली कार्ड आठवणीने मागून घ्या. सोळा पुरी न झालेली मुले आईबापांबरोबर फुकट हिंडतात.