सिकलसेल आणि एक अपरिचित जनुक

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, तसेच नंदुरबार, धुळे या जिल्ह्यांतील शिक्षकांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना सिकलसेल हे नाव नवे नाही. रक्तक्षयाने निस्तेज झालेले, हातपाय ठणकतात म्हणून रडणारे आणि त्यामुळे शाळेत वारंवार गैरहजर राहणारे मूल त्यांनी पाहिलेले असते. हा रोग स्पर्शाने किंवा सहवासाने पसरत नाही. तो आईवडिलांकडून जनुकांद्वारे येतो. त्याच्यावर उपचाराचा एक नवा मार्ग अलीकडे सापडला आहे आणि त्याचे श्रेय 'बीसीएल११ए' या फारशा कोणाच्या परिचयाच्या नसलेल्या जनुकाकडे जाते.

रोगाचे मूळ

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन हे प्रथिन असते व ते शरीरभर प्राणवायू पोहोचविते. प्रौढ व्यक्तीच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. एवढ्याशा फरकाने केवढा अनर्थ होतो! प्राणवायू सोडताच हे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून असह्य वेदना होतात. प्लीहा, फुप्फुसे, मेंदू यांनाही इजा पोहोचते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. अशी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते.

भारतात या दोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

जन्मानंतर बंद होणारा दरवाजा

गर्भातील बालकाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतरच्या काही महिन्यांत हे गर्भहिमोग्लोबिन ओसरते व त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. सिकलसेल असलेल्या बालकाला पहिले काही महिने त्रास होत नाही, त्याचे कारण हेच. नवजात बालकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी कमी आढळतात, याकडे डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच लक्ष वेधले होते. हे हिमोग्लोबिन टिकवून धरता आले तर रोगाची धार बोथट होईल, हे त्यातून उघड झाले. परंतु ते बंद कोण करते, हे कोडे पुढे साठ वर्षे सुटले नाही.

मावळ तालुक्यातील लोहगडवाडीहून लोहगड चढू लागले की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. पहारेकऱ्याने दरवाजा लावून घेतला, तर वाट शाबूत असूनही आत जाता येणार नाही. गॅमा साखळीच्या जनुकाची स्थिती जन्मानंतर अशीच होते. ते नाहीसे होत नाही. त्याचा दरवाजा तेवढा बंद होतो. दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए या जनुकापासून बनणारे प्रथिन हाच येथील मुख्य पहारेकरी होय. पूर्वी हे जनुक रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासकांनाच ठाऊक होते. २००८ साली बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन, विजय शंकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हे कार्य दाखवून दिले. २०११ साली ते निष्क्रिय केल्यावर सिकलसेलग्रस्त उंदरांमधील रोगाची लक्षणे दूर झाली.

मात्र या पहारेकऱ्याला सर्वच दरवाजांवरून हटविता येत नाही. मेंदूची वाढ आणि काही पांढऱ्या पेशींची निर्मिती यांसाठी तो आवश्यक असतो. या जनुकाचा केवळ तांबड्या पेशींपुरता चालणारा नियंत्रक भाग २०१३ साली सापडला आणि उपचाराला नेमके लक्ष्य मिळाले.

उपचार आणि त्याची मर्यादा

रुग्णाच्या मूळ रक्तपेशी काढून त्यांतील हा नियंत्रक भाग निकामी करावयाचा आणि त्या पेशी परत द्यावयाच्या, अशी 'कॅसगेव्ही' ही उपचारपद्धती आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी तिला मान्यता दिली. अमेरिकेत मान्यतेसाठी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. परंतु तत्पूर्वी जालीम औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते आणि तेथील जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. आपल्या गावांतील रुग्णाला हा उपचार आज आवाक्याबाहेरचाच म्हणावा लागेल.

तरीही या संशोधनाचा उपयोग आजच नाही असे नव्हे. गर्भहिमोग्लोबिनचे प्रमाण हा रोगाच्या तीव्रतेचा एक निदर्शक आहे. बीसीएल११ए जनुकात व्यक्तिपरत्वे असणारे भेद हे प्रमाण कमीअधिक करतात. भारतीय रुग्णांत ते आफ्रिकेतील रुग्णांपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक आढळते; तथापि विदर्भातील अनेक रुग्णांना रोगाचा तीव्र त्रास होतो. म्हणून एका आकड्यावर विसंबून रुग्णाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरेल. हायड्रॉक्सीयुरिया हे तुलनेने स्वस्त औषधही गर्भहिमोग्लोबिन वाढविते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने प्रौढ रुग्णांच्या वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व नियमित रक्ततपासणी करूनच घ्यावयाचे असते.

गावाची जबाबदारी

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत या रोगाचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने निर्मूलन करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा पाया रक्ततपासणी हा आहे. दोषयुक्त जनुक एकाच पालकाकडून मिळालेली व्यक्ती वाहक असते. ती सामान्यतः निरोगी असते व तिला उपचार लागत नाहीत. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी दोघांचीही तपासणी होणे इष्ट आहे.

येथेच पंचायत सदस्यांची व शिक्षकांची कसोटी लागते. तपासणीचा अहवाल चावडीवर चर्चिला गेला, त्यावरून एखाद्या मुलीचे लग्न मोडले, तर पुढच्या शिबिरास गाव फिरकणार नाही. अहवाल गोपनीय ठेवणे, वाहक म्हणजे रोगी नव्हे हे समजावून सांगणे, आजारी विद्यार्थ्याला वर्गात पाणी पिण्याची मोकळीक देणे आणि ताप किंवा छातीत दुखणे दिसताच त्याला दवाखान्यात पोहोचविणे, या गोष्टींना खर्च नाही. जनुकावरील उपचार उद्या स्वस्त होतील तेव्हा ते कोणाला द्यावयाचे, हे आज झालेल्या तपासणीवरूनच ठरणार आहे.