औषध जातं कुठे?

आमच्या सुलतानपुरात कपाशीवर फवारायच्या विषाला ‘औषध’च म्हणतात. डब्यावरचा लाल त्रिकोण ते किती जहाल एवढंच सांगतो. फवारल्यावर ते जातं कुठे, हे नाही.

तो हिशेब मांडायला २००८ साली ‘यूजटॉक्स’ हे संगणकीय प्रारूप आलं. रसायन हवा, पाणी, मातीत किती उरेल, अन्नपाण्यावाटे पोटात किती जाईल, आजार किती होतील, हे ते काढतं. कारखान्यापासून रिकाम्या डब्यापर्यंतचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच वापरतात. दोन औषधांची तुलना त्यामुळे जमते.

पण उत्तर सरासरीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. डोक्याएवढी कपाशी, उलटा वारा, उघडं अंग सरासरीत कुठून दिसणार? आणि रिकामा डबा धुऊन घरात पाण्याला घेतात, तेही.