तो, ती, ते आणि शिक्षण परिषद

हिंजवडीचा आयटी पार्क वाढत गेला तसा मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडच्या शाळांचा पट बदलला. जांबे, मारुंजी, नेरे या गावांत इमारती आल्या, इमारतींबरोबर बांधकामावरची कुटुंबं आली आणि त्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळांत बसू लागली. हजेरीत गावच्या आडनावांशेजारी बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटकातली नावं दिसू लागली. पाठ्यपुस्तक मात्र मूल घरूनच मराठी घेऊन येतं असं धरून चाललेलं. या बदलाला आम्ही शिक्षक कसे सामोरे गेलो, ते दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांच्या आठवणींत सापडतं.

2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. परिषदेत तेव्हा एकच विचारणा असे: मूल वाचतं का? साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादी वर्गांची चर्चा जोरात होती; आम्हीही फरश्या रंगवल्या. लिपी देवनागरीच असल्याने हिंदी घरातली मुलं लवकर वाचू लागली आणि चाचणीच्या तक्त्यात ‘प्रगत’ ठरली. वाचलेल्या उताऱ्यावर साधा प्रश्न विचारला की तीच मुलं गप्प बसत. तक्त्यात त्या गप्प बसण्याला रकाना नव्हता.

2018 मध्ये बदल्या ऑनलाइन झाल्या आणि जमलेला मेळ मोडला. कुणी ताम्हिणीकडच्या अवघड क्षेत्रात गेलं, कुणी विस्थापित होऊन तालुक्याबाहेर. आंतरजिल्हा बदलीने नवी माणसं आली. पुढे कोरोनात परिषदा मोबाइलवर भरल्या. सूचना पोचत, हजेरीची लिंक भरली जाई आणि ‘आवाज येतोय का?’ यात उरलेला वेळ जाई.

शाळा पूर्ववत झाल्यावर समोरासमोर भरलेली परिषद म्हणूनच लक्षात राहिली. जुने सोबती भेटले, डबे उघडले आणि बोलणं मुलांच्या चुकांवर आलं. मी म्हटलं, “लिंगाचं काही केल्या बसत नाही हो.” अक्कलकोटकडून बदलून आलेल्या बाईंनी ठेच्याचा डबा पुढे सरकवत विचारलं, “सर, चुकतं म्हणजे नेमकं काय म्हणतात पोरं?” आम्ही आठवून सांगू लागलो. हिंदी घरातला मुलगा ‘ती पुस्तक’ म्हणतो, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंग तर नाहीच. कन्नड घरातली मुलगी ‘ते खुर्ची’ म्हणते, कारण तिच्या भाषेत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. “मग दोघांना एकच औषध कसं चालेल?” बाई म्हणाल्या. सीमाभागातल्या शाळेत त्या जमिनीवर खडूने तीन गोल काढत. मुलाने वस्तू उचलायची, ‘माझा खडू, माझी वही, माझं पुस्तक’ असं मोठ्याने म्हणत योग्य गोलात ठेवायची. हिंदी बोलणाऱ्याला ‘ते’च्या गोलातल्या वस्तू जास्त द्यायच्या, कन्नड बोलणाऱ्याला ‘तो’ आणि ‘ती’च्या.

तीन गोल आमच्या केंद्रातल्या वर्गांत पसरले, ते कुठल्याही परिपत्रकाने नाही. बदलीने आमची जुनी माणसं नेली हे खरं; पण अक्कलकोटचा अनुभव जांब्याच्या शिवारात आला तोही बदलीनेच.

2021 पासून ‘निपुण भारत’ अभियानाने ऐकणं-बोलणं यालाही ध्येयांत जागा दिली. 2025 मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून, म्हणजे हिंदीवरून, राज्य ढवळून निघालं; 16 एप्रिलचा निर्णय जूनमध्ये बदलला आणि त्याच महिनाअखेरीस मागेही घेतला गेला. त्या गदारोळात, हिंदी बोलत शाळेत येणारं मूल मराठी कसं शिकतं, हे विचारायला आमच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. विचारलं असतं तर सांगण्यासारखं खूप होतं.

विषयपत्रिकेत ‘शिक्षकांचे अनुभव’ हा विषय अजून शेवटून दुसरा असतो, आभारांच्या आधी, वेळ उरला तर. तो पहिला घ्यावा. परिपत्रकं काय, व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या रात्रीच आलेली असतात.