'पर्गेटरी' : मृत दरोडेखोरांची पापमुक्ती

प्रस्तावना : अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपटांत न्याय बहुधा बंदुकीनेच मिळतो. उली एडेल दिग्दर्शित 'पर्गेटरी' (१९९९) या दूरचित्रवाणी चित्रपटाने अलौकिक कथानकाच्या आधारे या गृहीतकाला छेद दिला आहे.

विषय विवेचन : ब्लॅकजॅक ब्रिटनची टोळी 'रेफ्यूज' या गावी आश्रय घेते. तेथील रहिवासी मृत आहेत. शेरीफ म्हणजे १८७६ मध्ये मारला गेलेला वाइल्ड बिल हिकॉक. सोबत बिली द किड (मृत्यू १८८१), जेसी जेम्स (१८८२) व डॉक हॉलिडे (१८८७). संयम पाळणाऱ्यास स्वर्ग, शस्त्र उचलणाऱ्यास नरक, हा येथील नियम होय. कॅथलिक सिद्धान्तानुसार पर्गेटरीतील आत्म्यांना शुद्धीनंतर स्वर्ग निश्चित असतो. चित्रपटात मात्र तो गमावण्याचे भय कायम राहते. कथेतील संघर्ष या भयातूनच आकारास येतो. टोळी गावावर उलटते तेव्हा हे चौघे नरक पत्करून शस्त्र उचलतात. तरीही त्यांना स्वर्ग लाभतो.

निष्कर्ष : केवळ शिक्षेच्या भयाने पाळलेला संयम पापमुक्तीस पुरेसा ठरत नाही, इतरांसाठी स्वतःच्या मुक्तीवर पाणी सोडण्याची तयारी हीच तिची कसोटी ठरते. तथापि ही कसोटीदेखील अखेर बंदुकीनेच पार पडते, ही या चित्रपटप्रकाराची मर्यादा लक्षात घ्यावी लागते.