वानलेसवाडीचे सॅनेटोरियम आणि आपला खोकला



आमच्या सावंतवाडी भागात जुनी माणसे एखाद्याविषयी हळूच सांगायची, "तेका मिरजेक नेल्यानी." पुढे कोणी काही विचारत नसे. क्षय झाला, हे सगळे समजून जात.

मध्यंतरी बेण्याच्या कामासाठी सांगलीस जाणे झाले. बसमध्ये "वानलेसवाडी" ही हाक ऐकली आणि ते बोलणे आठवले. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर. ते १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत इस्पितळ उभे केले. पुढे १९२० च्या सुमारास सांगली-मिरजेच्या मधल्या मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम निघाले. वस्तीला त्यांचेच नाव पडले. तो माळ आता महापालिकेत आहे.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ सालीच दाखवला होता, पण औषध नव्हते. म्हणून गावाबाहेर कोरडी हवा, ऊन, सकस आहार आणि महिनोन् महिने विश्रांती, एवढाच उपाय. काही जण बरे होऊन परतत, काही परतत नसत.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, मागोमाग गोळ्या आल्या. मग मद्रासला १९५६ पासून एक पाहणी झाली. निम्मे रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. १९५९ साली निकाल आला: दोन्हीकडे गुण जवळपास सारखाच, आणि घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. तेव्हापासून सॅनेटोरियमची गरज सरत गेली.

गरज सरली, पण मनातली भीती काही गेली नाही. आजही कोणी खोकला लपवतो. तोडणीच्या टोळीतला गडी जरा बरे वाटले की गोळ्या सोडतो आणि दुसऱ्या फडावर जातो. गवताळ वाढीचे बेट मुळासकट काढले नाही, तर रोग खोडव्यात जातोच ना? तसेच हे. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही.

तेव्हा दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषध मोफत आहे. साधारण सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयेही मिळतात. टोळी हलणार असेल तर मुकादमाने आधी दवाखान्यात कळवावे, म्हणजे पुढच्या गावी औषध चालू राहील.

आता मिरजेला न्यायला नको. घरीच बरे होता येते, फक्त लपवू नका.

— ऊस विकास अधिकारी