पोट फुगवून धूळ खाणारं यंत्र

दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी गच्चीवर जा. कठड्यावर गाद्या-सतरंज्या उन्हात टाकलेल्या असतील. एक काठी घ्या आणि सतरंजीला सणसणीत फटका द्या. धप्प! धुळीचा लोट उठतो की नाही बघा. आदल्या दिवशी तीच सतरंजी तुम्ही झाडूने चांगली झाडली असेल, तरीही उठतो. मग झाडूने काय झाडलं?

वरवरची धूळ. धाग्यांच्या मुळाशी जी बारीक रेती जाऊन बसते, तिथपर्यंत झाडू पोचतच नाही. तिला आधी हादरा द्यावा लागतो. हा ‘धप्प’ लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आपल्याकडच्या घरांत दिसणारा व्हॅक्यूम क्लीनर बहुतेक वेळा आडवा असतो. जमिनीवर एक डबा आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मात्र वेगळाच प्रकार घरोघरी पोचला : उभा व्हॅक्यूम क्लीनर. खाली जड, बसकं डोकं, त्यातून वर निघालेला लांब दांडा आणि दांड्याला टांगलेली कापडी पिशवी. नळी ओढत फिरायचं नाही, दांडा धरून पुढे-मागे ढकलायचं. तिकडच्या थंडीमुळे बऱ्याच घरांत जमिनीवर जाड गालिचे. काही तर भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवलेले. ते उचलून गच्चीवर कसे नेणार? म्हणून काठीलाच घरात आणावं लागलं.

आणि मला मनापासून आवडणारी गोष्ट ही, की तिकडे काही माणसं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे असे उभे क्लीनर हौसेने जमवतात. कपाटात मांडून ठेवायला नाही हं, वापरायला. आज हॉल एका क्लीनरने, उद्या जिना दुसऱ्याने!

पहिला उभा विजेचा क्लीनर कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत तयार झालेला नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात कँटन नावाचं गाव आहे. तिथल्या एका दुकानात जेम्स मरे स्पँगलर नावाचे साठीला टेकलेले गृहस्थ साफसफाईचं काम करायचे. त्यांना दमा होता. गालिचे झाडायचे तर धूळ उडणार आणि धूळ उडाली की खोकल्याने जीव हैराण. नोकरी सोडता येत नव्हती आणि श्वासही घेता येत नव्हता. १९०७ मध्ये त्यांनी घरातलंच सामान गोळा केलं. पंख्याची मोटर, एक खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा. मोटरीवर पंखा बसवला, पुढे फिरता ब्रश लावला आणि मागे अभ्रा बांधला. ब्रशने धूळ उचलायची, पंख्याने हवेबरोबर ओढायची आणि अभ्र्यात ढकलायची. हवा कापडातून बाहेर जाते, धूळ आत राहते.

अभ्रा! मला विचाराल तर ह्या सगळ्या शोधातली सगळ्यात सुंदर वस्तू तीच.

तसं पाहिलं तर धूळ ओढून घेण्याची कल्पना त्याआधीही होती. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये तसं यंत्र बनवलं होतं. पण ते इतकं अवाढव्य, की घोडागाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि खिडक्यांमधून लांबच लांब नळ्या घरात सोडायच्या. स्पँगलर यांचं यंत्र एकट्या माणसाला ढकलता यायचं. जून १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्यांचं यंत्र वापरून पाहिलेल्यांत सुझन हूवर नावाच्या बाई होत्या. त्यांना ते फारच आवडलं. त्यांचे यजमान विल्यम हूवर घोड्यांसाठी लागणारं चामड्याचं सामान बनवायचे. मोटारगाड्या येऊ लागल्या होत्या, घोड्यांचे दिवस सरत होते, त्यामुळे नवा धंदा हवाच होता. हूवरांनी पेटंट विकत घेतलं आणि त्याच वर्षी ‘मॉडेल ओ’ बाजारात आणलं. पुढे हे नाव इतकं गाजलं, की इंग्लंडमध्ये आजही लोक ‘हूवर करतो’ म्हणतात. आपण नाही का कागदाची ‘झेरॉक्स काढतो’, तसंच.

आता एक प्रयोग. सरबताची नळी घ्या. टेबलावर कागदाचा बोटभर तुकडा ठेवा. नळीचं टोक त्यावर टेकवा, हवा आत ओढा आणि नळी उचला. कागद चिकटून वर येतो. तुम्ही म्हणाल, मी ओढला. पण खरं काम बाहेरच्या हवेने केलं. तुम्ही नळीतली थोडी हवा काढून घेतलीत, आतला दाब कमी झाला. बाहेरची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाइतका दाब देत असते. तिने कागद नळीवर दाबून धरला. क्लीनरमध्ये तुमच्या तोंडाचं काम पंखा करतो. तो आतली हवा मागे भिरकावतो, तिची जागा घ्यायला बाहेरची हवा धावत सुटते आणि वाटेतली धूळ बरोबर घेऊन जाते.

पण नुसत्या वाऱ्याने मुळाशी रुतलेली रेती हलत नाही. आता आपला ‘धप्प’ आठवा. १९२६ मध्ये हूवरचं ‘मॉडेल ७००’ आलं. त्याच्या फिरत्या रुळावर ब्रशच्या ओळींबरोबर धातूच्या गुळगुळीत पट्ट्या बसवल्या होत्या. यंत्र सुरू झालं की हवा गालिच्याला जमिनीपासून किंचित वर उचलून धरायची आणि फिरणाऱ्या पट्ट्या त्याला टपटपटपटप बडवायच्या. रेती सैल होऊन वर यायची, ब्रश ती उडवायचा, वारा ती घेऊन जायचा. गच्चीवरची काठी, घरातला झाडू आणि वारा, तिघंही एकाच डोक्यात!

अशा जुन्या यंत्रात काय चाललंय ते कळायला ते उघडावंसुद्धा लागत नाही. बटण दाबलं की आधी खोल ‘घूंऽऽ’ आवाज येतो. दांड्यावर मरगळून लोंबणारी पिशवी हळूच हलते, मग टम्म फुगते. पिशवी फुगली म्हणजे हवा वाहतेय. धूळ पंख्यातूनच पुढे जाते, म्हणून खडा आत गेला तर ‘खडाड्’ असा आवाज येतो. नाणं किंवा खिळा गेला तर पंख्याचं पातंही तुटू शकतं. मोटर आणि ब्रशाचा रूळ यांना रबराचा पट्टा जोडतो. रुळात मोज्याचा दोरा अडकला, की मोटर फिरत राहते, पट्टा जागच्या जागी घासतो आणि रबर जळल्याचा वास येतो. कान, डोळे आणि नाक शाबूत असलं की बिघाड सापडलाच.

दुरुस्तीत तर खरी मजा आहे. जुन्या वायरवरचं रबर वाळून खाकऱ्यासारखं झालेलं असतं, वाकवलं की तुकडे पडतात. ती वायर आधी बदलायची. बेअरिंगमधलं घट्ट झालेलं ग्रीस खरवडून नवं भरायचं. मोटरीतले कार्बन झिजले असतील तर नवे घालायचे. हे आपल्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्या काकांनाही ठाऊक असतं, कारण मिक्सरच्या मोटरीतही तसेच कार्बन असतात. बऱ्याच जुन्या मॉडेलांचे पट्टे आणि पिशव्या आजही नव्या मिळतात. शेवटी ॲल्युमिनियमचं डोकं घासायला घ्यायचं. चिंचेने घासलेल्या देवाच्या भांड्यांसारखं ते हळूहळू उजळत जातं आणि काजळीखालून कंपनीचं नाव वर येतं.

मात्र हे काम मोठ्यांचं. अशा यंत्रांना बरेचदा अर्थिंग नसतं आणि अंग धातूचं असतं, म्हणजे झटक्याची भीती. शिवाय अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. तिकडचं यंत्र इथे थेट लावलं तर मोटर जळून जाईल, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच.

कापडी पिशवीत एक दोषही होता, तोही सांगायला हवा. अगदी बारीक धूळ विणीतून बाहेर पडायची आणि पिशवी वर्तमानपत्रावर झटकताना तर पुन्हा ढगच. त्यामुळे पुढे आत टाकायच्या कागदी पिशव्या आल्या. त्या भरल्या की सरळ फेकून द्यायच्या.

जमवणाऱ्यांचा एक आवडता खेळ आहे. गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरायचा आणि जुना क्लीनर एकदाच फिरवायचा. मागे एक स्वच्छ पट्टा उमटतो. मग शेजारून नवा क्लीनर फिरवायचा आणि गुडघे टेकून, गालिच्याला गाल लावून, दोन्ही पट्टे न्याहाळायचे. तेवढ्यात कोणीतरी जुन्याचं बटण बंद करतं. ‘घूंऽऽ’ उतरत जातं आणि पिशवी फुस्स करून पुन्हा दांड्यावर मान टाकते.