शंकरशेट शिष्यवृत्ति व शाळांचीं जुनीं रजिस्टरें

मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत संस्कृतांत अग्रस्थानीं येणारास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळे. महाडनजीक नाते येथें जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनीं ती 1912 सालीं मिळविली. पुढें केंब्रिज, 1918 सालीं आय. सी. एस. परीक्षेंत पहिला क्रमांक. 1943 सालीं रिझर्व्ह बँकेचें गव्हर्नरपद. बुद्धि मूळचीच, हें खरें; परंतु एका निवडीनें दुसरीची वाट सुकर होते, आणि चरित्रेंहि निवडलेल्यांचींच लिहिलीं जातात. मागें राहिलेल्यांचा माग लागतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरांत: जन्मतारीख, इयत्ता, शाळा सोडल्याचें कारण. त्याच कोंकणपट्टींत 1970 नंतर सिडकोनें नवी मुंबई वसविली. तिच्या पोटांत बेलापूर, घणसोलीसारखीं जुनीं गांवें आहेत. तेथील शाळांचीं रजिस्टरें हातीं आल्यास संग्राहकांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत; पोथ्यांप्रमाणें त्यांच्या नकला करून ठेवाव्या.